सीटी स्कॅनच्या डायनंतर बिघडलेला थायरॉइड : माझा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण आजार चालू असताना लिहायला हात धजत नव्हता कारण पुढे काय होणार तेच माहीत नव्हतं. आता गोळ्या बंद होऊन काही महिने झालेत आणि रिपोर्ट स्थिर आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं औषध वगैरे स्वतःहून कुणी घेऊ नका. पण ज्यांना स्कॅननंतर महिना-दीड महिन्याने काहीतरी विचित्र होतंय आणि कारण कळत नाहीये त्यांच्यासाठी हे आहे.

सुरुवात झाली पोटाच्या दुखण्याने. फेब्रुवारीत उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला आणि रिपोर्टखाली लिहून आलं की खात्री करायला कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून डाय, देऊन सीटी करावा. डाग म्हटल्यावर घरात काय वातावरण होतं ते सांगायला नको. मार्चच्या सुरुवातीला तारीख मिळाली. त्याआधी क्रिएटिनिनची रक्त तपासणी करून आणायला सांगतात, कारण हा डाय किडनीवाटे बाहेर पडतो. मग संमतीपत्र. त्यात दमा, औषधांची ॲलर्जी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, किडनीचा त्रास, गरोदर आहात का असे सगळे प्रश्न होते. थायरॉइडची ओळ नव्हती.

माझ्या गळ्याला पुढून थोडी फुगवटी लहानपणापासून आहे, आईलाही होती. कधी दुखली नाही, वाढली नाही. चार वर्षांपूर्वीच्या हेल्थ चेकअपमध्ये थायरॉइडच्या तपासणीतली टीएसएच ०.५ आली होती, ती लॅबच्या मर्यादेत बसत होती म्हणून कुणी त्यावर काही बोललं नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतेय कारण पुढे याच आकड्याला खूप महत्त्व आलं.

स्कॅनचं म्हणाल तर तो सोपा असतो. हाताच्या शिरेत सुई लावून ठेवतात, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला पंप. टेक्निशियन भाऊ म्हणाले, "ताई, औषध आत गेलं की अंगभर गरम वाटेल, लघवी झाली असं वाटेल, पण झालेली नसते. घाबरू नका आणि हलू नका." अगदी तसंच झालं. घशापासून गरम लाट खाली उतरत गेली, तोंडात धातूसारखी चव आली आणि अर्ध्या मिनिटात सगळं ओसरलं. वीसेक मिनिटांत मी बाहेर. भरपूर पाणी प्या म्हणाले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, डाग म्हणजे हिमॅन्जिओमा निघाला, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी निरुपद्रवी गाठ. आम्ही सुटलो म्हणून घरी आलो आणि फाईल कपाटात ठेवून दिली.

एप्रिलच्या मध्यापासून छातीत धडधड सुरू झाली. आधी जिना चढल्यावर, मग बसल्या बसल्या, मग रात्री कुशीवर झोपलं की उशीत स्वतःचे ठोके ऐकू यायचे. भूक वाढली होती, नेहमीपेक्षा जास्त जेवत होते आणि वजन उतरत होतं. मोबाईलवर टाइप करताना बोट शेजारच्या अक्षरावर पडायचं कारण हाताला बारीक कंप होता. आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवून गेली, ती म्हणजे खाली बसलं की उठताना मांड्यांत जोरच नसायचा, कशाला तरी धरून उठावं लागायचं. झोप तीन-चार तासांवर आली, बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यात पाणी, मुलांवर ओरडणं, नवरा काही विचारायला आला तरी अंगावर धावून जाणं. हे सगळं एकदम सुरू झालं नाही, हळूहळू साचत गेलं, त्यामुळे मी आजारी आहे हेच बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला. ठोके ११२, बाकी पट्टी नॉर्मल. "वय पण तसं आहे, पाळी जायच्या आधी असं होतं, त्यात मागचे दोन महिने टेन्शनचे गेले," असं म्हणाले आणि त्यात खोटं काही नव्हतं. हिमोग्लोबिन पाहिलं, ठीक होतं. पुढच्या आठवड्यात मी परत गेले आणि मांड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ लिहून दिलं. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी. फ्री टी४ वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दीडपट. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी, टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या मध्ये असते. ती मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला काम कर म्हणून सांगते. टी४ आणि टी३ हे थायरॉइडने बनवलेले हार्मोन. थायरॉइड जास्त हार्मोन बनवायला लागला की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच जवळपास शून्यावर जाते. माझं तेच झालं होतं.

एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत कसं काढायचं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, त्याआधी दमा नाही ना हे दोनदा विचारलं कारण दम्यात हे औषध चालत नाही. ही गोळी थायरॉइडला बरं करत नाही पण धडधड आणि कंप कमी करते. दुसऱ्याच रात्री मी सलग सहा तास झोपले. वेळ मिळायला उशीर होत असेल तर लक्षणांपुरतं काही देता येईल का हे फॅमिली डॉक्टरांना विचाराच, ते तीन आठवडे नुसते काढणं खूप अवघड गेलं असतं.

मे महिन्याच्या शेवटी एंडोक्रायनॉलॉजिस्ट मॅडमना भेटले. त्यांनी मागे उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली, हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, "एक घोट तोंडात धरा, मी सांगितलं की गिळा." दोन-तीन वेळा असं केलं. मग समोर येऊन बसल्या आणि पहिला प्रश्न केसांच्या गोळ्यांचा. "बायोटिन घेता का?" घेत होते. काही लॅबच्या तपासणी पद्धतीत बायोटिनचा मोठा डोस रक्तात असला की टीएसएच खोटी कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे हुबेहूब माझ्या रिपोर्टसारखं चित्र. म्हणून ते बंद करून काही दिवसांनी तपासणी परत करायची ठरली. दुसरा प्रश्न, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठला स्कॅन झालाय का, शिरेतून औषध देऊन? किंवा अँजिओग्राफी?"

मी पिशवीतून सीटीचा रिपोर्ट काढून दिला. त्यांनी तारीख पाहिली, बोटांवर आठवडे मोजले, मग चेकअपचा जुना कागद मागितला आणि त्या ०.५ खाली पेनाने रेघ मारली.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दात सांगते. सीटी आणि अँजिओग्राफीच्या डायमध्ये आयोडीन असतं, एक्स-रे त्याने अडतात म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. मला जो डाय दिला होता तो मिलीलीटरला ३५० मिलीग्रॅम आयोडीनवाला, ९० मिली, म्हणजे एकूण साडेएकतीस ग्रॅम. यातलं जवळपास सगळं त्या औषधाच्या रेणूला घट्ट बांधलेलं असतं आणि किडनी चांगली असेल तर एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. पण जो थोडासा भाग मोकळा असतो किंवा शरीरात मोकळा होतो तोसुद्धा रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतो, आणि त्याचा परिणाम थायरॉइडवर पुढे काही आठवडे राहतो.

निरोगी थायरॉइड यावर स्वतःच उपाय करतो. आयोडीनचा लोंढा आला की तो हार्मोन बनवणं काही दिवस थांबवतो आणि मग आयोडीन आत घेणारं दारच अरुंद करून पुन्हा नेहमीसारखा चालू लागतो. हे वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये मांडलं, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यामुळे बहुतेक लोकांना डायनंतर काहीही होत नाही. गडबड दोन बाजूंना होऊ शकते. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असेल, थायरॉइडचा काही भाग आधी काढलेला असेल तर तो थांबलेला थायरॉइड परत नीट सुरूच होत नाही आणि माणूस हायपोथायरॉइड होतो, म्हणजे हार्मोन कमी पडतो. आणि माझ्यासारखी ज्यांच्या गळ्यात जुनी गाठ असते, जी पिट्युटरीचं ऐकत नाही, तिला अचानक कच्चा माल मिळतो आणि ती हार्मोन बनवतच सुटते. माझी ती चार वर्षांपूर्वीची ०.५ म्हणजे गाठ आधीपासून थोडं स्वतःच्या मर्जीने चालत होती याची खूण असावी, असं मॅडम म्हणाल्या.

बायोटिन बंद करून केलेला रिपोर्ट तसाच आला, म्हणजे आजार खरा होता. मग तपासण्यांची रांग लागली. ग्रेव्हज आजार (ज्यात शरीरातल्या अँटीबॉडीच थायरॉइडला जास्त काम करायला लावतात) आहे का बघायला टीआरएबी ही अँटीबॉडी, निगेटिव्ह. रक्ताच्या तपासण्यांत ही सगळ्यात महाग पडली आणि रिपोर्टला आठवडा लागला. गळ्याची डॉपलर सोनोग्राफी, त्यात उजवीकडे अडीच सेंटीमीटरची गाठ आणि आजूबाजूला दोन-तीन बारीक. तिसरी होती थायरॉइड स्कॅन, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये. त्याची वेळ घ्यायला मी फोन केला तर पलीकडच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "डाय देऊन सीटी झालाय का इतक्यात?" झालाय म्हटल्यावर त्यांनी वेळ दिलीच नाही. डायनंतर साधारण दोन महिने, कधी त्याहूनही जास्त, थायरॉइड आयोडीनने भरलेला असतो, त्यामुळे स्कॅनचं औषध तो आत घेत नाही आणि चित्र कोरं येतं. कोरं चित्र थायरॉइडला सूज आली की पण येतं, आणि सूज असेल तर उपचार वेगळे. म्हणजे घाई करून स्कॅन केला असता तर पैसे गेले असते आणि वर दिशाभूल झाली असती. कुणी तुम्हाला डायनंतर लगेच थायरॉइड स्कॅन लिहून दिला तर सीटीची तारीख त्यांना आवर्जून सांगा.

डायचं नाव आणि प्रमाण रिपोर्टमध्ये नव्हतं, नुसतं "कॉन्ट्रास्ट दिला" एवढंच होतं. ते मिळवायला सेंटरच्या रेकॉर्ड विभागात अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, मूळ बिलाची झेरॉक्स, आणि मग आठवडाभर आज या उद्या या. शेवटी एका कागदावर शिक्क्यासह मिळालं. आयोहेक्सॉल, ३५०, ९० मिली. इतर कुणाचा स्कॅन व्हायचा असेल तर बाहेर पडतानाच टेक्निशियनकडून हे तीन शब्द रिपोर्टवर लिहून घ्या, त्या वेळी एका मिनिटाचं काम आहे.

उपचाराबद्दल मॅडमनी दोन्ही रस्ते समोर ठेवले. हे बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं, त्यामुळे फक्त प्रोप्रॅनोलॉलवर थांबून बघता येतं. पण माझं वजन सहा किलो उतरलं होतं आणि टी४ वर चढत होता, म्हणून कार्बिमाझोल सुरू केलं. आधीच सांगितलं की लगेच फरक दिसणार नाही. ही गोळी नवीन हार्मोन बनणं थांबवते, तयार होऊन साठलेल्याचं काही करू शकत नाही, आणि आयोडीन जास्त असताना तिचा जोर आणखी कमी पडतो. प्रिस्क्रिप्शनच्या खाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायची. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात म्हणून. जूनमध्ये एका रविवारी माझा घसा धरला. लॅब बंद. इमर्जन्सीत जाऊन बसले, तिथल्या तरुण डॉक्टरला साध्या घशासाठी सीबीसी का हवी ते कळेना, मी तो कागद दाखवला तेव्हा त्याने लगेच रक्त घेतलं. रिपोर्ट यायला दोन तास लागले. पेशी व्यवस्थित होत्या, घसा सर्दीचाच होता. त्या दोन तासांत मी खूप घाबरले होते, पण परत तसं झालं तर परत तसंच करेन. प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये ठेवा, रविवारी उपयोगी पडतो.

ओपीडीत बसून बसून ओळखी होतात. एक काका-काकू नेहमी भेटायचे. काकांची अँजिओग्राफी झाली होती आणि त्यांचं माझ्या बरोबर उलटं झालं होतं. काकू सांगत होत्या, "अहो, हा माणूस पहाटे पाचला फिरायला जाणारा, आठ वाजले तरी उठेना. तोंड सुजलेलं, बोलणं जड, पोट साफ नाही. आम्हाला वाटलं हृदयाचंच काहीतरी." टीएसएच वाढलेली निघाली, फ्री टी४ मात्र अजून मर्यादेत होता. त्यांना डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही, दीड महिना थांबून परत तपासलं तर टीएसएच आपणहून खाली यायला लागलेली. काका आणि मी एकाच बाकावर, कारण एक आणि आजार दोन टोकांचे.

सगळ्यात कठीण होतं ते थांबणं. जुलैत फ्री टी४ मर्यादेत आला, धडधड गेली, मांड्यांत ताकद परत आली, पण टीएसएच तशीच शून्यात. मला वाटलं औषध लागू पडत नाहीये. मॅडम म्हणाल्या पिट्युटरी बराच काळ दबलेली असते, तिला जागं व्हायला आणखी काही आठवडे लागतात, तोपर्यंत टी४ आणि टी३ बघायचे. दर पंधरा दिवसांनी तपासून उपयोग नसतो, हार्मोनची पातळी तितक्या लवकर स्थिर होत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो. मग आम्ही दीड-दीड महिन्याच्या अंतराने तपासायला लागलो आणि रक्त नेहमी एकाच लॅबमध्ये दिलं. डोस अर्धा झाला, मग त्याच्या अर्धा, आणि सप्टेंबरमध्ये बंद.

ऑक्टोबरमध्ये तो राहिलेला थायरॉइड स्कॅन झाला. आता चित्र स्पष्ट होतं, उजवीकडची गाठ काळीभोर आणि बाकी ग्रंथी फिकट. म्हणजे ती गाठ स्वतःच काम करणारी, हॉट नोड्यूल. अशी गाठ सहसा कॅन्सरची नसते म्हणून सुई घालून तपासायची गरज पडली नाही. नोव्हेंबरमध्ये टीएसएच ०.३, जानेवारीत ०.६.

विम्याचं थोडक्यात सांगते. थायरॉइडच्या तपासण्यांचा क्लेम अडकला, कारण गाठ जुनी म्हणजे आजार पूर्वीचा असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी पत्र दिलं की गाठ जुनी आहे पण त्यासाठी आधी कधीही औषध लागलेलं नव्हतं, आणि हा त्रास डायनंतर सुरू झालाय. सोबत जुना ०.५ चा रिपोर्ट, सीटीचं बिल, रेकॉर्ड विभागाचा तो शिक्क्याचा कागद. दोन महिन्यांनी काही भाग मंजूर झाला. जुने नॉर्मल रिपोर्ट फेकू नका एवढंच यातून सांगेन.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने लिहायचंय ते. नंतर दातांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना मी डायचा किस्सा सांगितला तर रिसेप्शनवरच्या मुलीने फाईलवर लाल पेनाने "आयोडीन ॲलर्जी" लिहिलं. मी ते खोडायला लावलं. मला झालं ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत डाय दिल्यावर बहुतेक वेळा मिनिटांत किंवा तासाभरात पुरळ उठतं, दम लागतो, आणि तीही त्या औषधाची असते, आयोडीनची नाही. एकदा का फाईलवर ॲलर्जी पडली की उद्या अपघातात किंवा छातीत दुखताना गरजेचा स्कॅन कुणीतरी मागे ठेवेल, आणि तो धोका या थायरॉइडच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा आहे. माझ्या सीटीमुळे यकृतावरच्या डागाची भीती गेली, तो मी आजही करून घेतला असता. मॅडमनी मला कार्डवर लिहून दिलंय की हॉट नोड्यूल आहे, आयोडीनचा डाय दिल्यानंतर थायरॉइडचा हार्मोन वाढला होता, गरज असेल तर डाय द्यावा, नंतर तीन-चार आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ तपासावं. तेच कार्ड मी आता प्रत्येक काउंटरवर पुढे करते.

ज्यांना गळ्यात गाठ आहे, हाशिमोटो आहे, थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) किंवा लिथियम (मानसिक आजाराचं औषध) चालू आहे, त्यांनी स्कॅनच्या आधी हे बोलून दाखवा, फॉर्ममध्ये ओळ नसली तरी. ज्यांचा थायरॉइडचा हार्मोन वाढलेला आहे आणि अजून आटोक्यात नाही त्यांनी तर नक्कीच. तान्ह्या बाळांचंही लक्षात ठेवा, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२२ मध्ये सांगितलंय की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना हा डाय दिला तर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासावा, कारण त्या वयात हार्मोन थोडे दिवस कमी पडले तरी मेंदूच्या वाढीला त्रास होऊ शकतो.

यकृताच्या गाठीकडे आता सोनोग्राफीने लक्ष ठेवतोय, आणि जास्त काही बघायची वेळ आली तर पोटाच्या डॉक्टरांनी एमआरआय सुचवलाय, त्याचा डाय गॅडोलिनियमचा असतो, त्यात आयोडीन नसतं. गळ्यातल्या गाठीचं मात्र ठरायचंय. रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन) देऊन ती शांत करता येते, काढून टाकता येते, किंवा टीएसएच मर्यादेत आहे तोवर तशीच ठेवून बघता येते. मला सध्या तिसरं पटतंय, नवऱ्याला पहिलं. पुढची टीएसएच जुलैत आहे, ती बघून मॅडमशी दोघं मिळून बोलणार आहोत.